काच खराब, पिशवी नाही

त्या काचा उन्हात वाळवल्या होत्या. सुपात ओळीने मांडून, वर धोतराचा विरलेला तुकडा टाकून, आणि माश्या बसू नयेत म्हणून एका म्हातारीला राखणीला बसवून. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की मायक्रोस्कोपखाली काच सरकवली आणि धड काही दिसेचना.

मी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, माझ्या तोंडात अजून नगरच आहे. आधी नर्स होते. मग कंबर गेली आणि बसायच्या कामाकडे वळले. बायकांच्या गर्भाच्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सर व्हायचा असला तर तो एका रात्रीत होत नाही. त्याच्या आधी कितीतरी वर्षं तिथल्या पेशी बिघडायला लागतात. त्या पेशी लाकडी पट्टीने हलकेच खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि बघायच्या. बघायचं काम माझं. शंका आली की काच आमच्या सरांकडे, म्हणजे लॅबच्या डॉक्टरांकडे जाते, आणि शेवटची सही त्यांची.

यात एक नियम असा आहे की तो चुकला तर पुढचं सगळं मुसळ केरात. काचेवर पेशी पसरल्या की त्या ओल्या असतानाच, तिथल्या तिथे, स्पिरिटच्या बरणीत बुडवायच्या. शेजारणीशी बोलायला मान वळवलीत तरी उशीर झाला. पेशी वाळली की फुगते, फिकट पडते, आणि मग चांगली कुठली, बिघडलेली कुठली, हे ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता यायचं नाही.

त्या काचा पाथर्डीकडच्या एका गावातल्या शिबिरातून आल्या होत्या. दसरा झाला होता. भाऊबीज आटोपली की त्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात ती उन्हाळा लागल्यावरच परततात. म्हणून शिबीर आधी घेतलं होतं. तपासणी व्हावी, कुणाचं काही निघालं तर न्यायला गाड्या यायच्या आत उपचार सुरू व्हावेत. बेत चांगला होता. मी पहिली काच लावली, दुसरी लावली, रंगच बिघडला असेल म्हणून रंग बदलला. मग मिठाच्या पाण्यात भिजवून बघितलं, थोडं वाळलं असेल तर कधी कधी त्याने पेशी पुन्हा सावरतात. कशानेच काही होईना. सगळ्या काचा गेलेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "सिस्टर, बरणी दिली होती ना तुम्हाला? स्पिरिट दिलं होतं ना?"

"दिलं होतं की मॅडम. जपून ठिवलंय."

"जपून ठेवलंय म्हणजे?"

"अवं, ओल्या काचा धाडल्या तर बुरशी लागंल की वाटंनं. आपन हिवतापाच्या काचा न्हाई का वाळवून धाडत? तशा वाळवल्या. कडक वाळवल्या. एकीवर धूळ बसू दिली न्हाई."

मी फोन ठेवला. उभ्या नोकरीत त्या बाईने तापाच्या रोग्यांची बोटं टोचून रक्ताच्या काचा पाठवल्या होत्या आणि रक्ताची काच वाळवावीच लागते. तिने जिवापाड मेहनत घेतली होती. शिबिराच्या आदल्या दिवशी तिला शिकवायला आमच्याकडून जो माणूस गेला होता त्याने बरणी हातात दिली, सही घेतली आणि जेवून परत आला. राग त्याच्यावर काढायचा तर तोही नोकरी सोडून गेलेला.

सर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. ते आले तेव्हा मी सगळ्या काचा त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी चार-दोन बघितल्या आणि चष्मा काढला.

"काही आढळलं नाही, असं लिहा," ते म्हणाले.

"सर, आढळलं नाही कसं? दिसलंच नाही."

"तेच ते. खोटं आहे का? आढळलं नाही."

"सर, अंधाऱ्या खोलीत साप शोधायला पाठवलं आणि मी दारातून परत येऊन सांगितलं, साप आढळला नाही, तर चालेल तुम्हाला?"

ते हसले नाहीत. माझं तोंड असंच आहे, त्यांना सवय आहे. म्हणाले, "बाई, वरून विचारणार आहेत, इतका माल वाया कसा गेला. ते मी बघून घेईन. पण तुम्ही त्या बायकांच्या हातात 'पुन्हा तपासणी आवश्यक' असा कागद देणार. तो कागद घेऊन त्या कुठे जातील? सांगा."

मला माहीत होतं. त्या पट्ट्यात पिशवी काढायला कागद लागत नाही, नुसती भीती पुरते. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, पाळी जास्त जातेय, डॉक्टर म्हणतो पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. पंचविशी-तिशीतल्या बायका काढून घेतात. उसाच्या फडात पाळी म्हणजे कामाला खाडा, आणि खाडा म्हणजे मुकादमाची बोलणी आणि मजुरीला कात्री. पिशवी गेली की कटकट गेली. मग पुढे हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, मोळी उचलवत नाही, ते कुणी सांगत नाही. आमचा कागद म्हणजे त्या डॉक्टरांच्या हातात आयतं कोलीत.

म्हणजे खोटं लिहिलं तर एखादीचा कॅन्सर आत तसाच वाढणार, आणि खरं लिहिलं तर धडधाकट पिशव्या जाणार. आमच्या छापील रिपोर्टात यासाठी शब्द आहे, 'नमुना असमाधानकारक'. ज्याने तो घडवला त्याला एकदा फडावर नेऊन तो बायकांना समजावून सांगायला लावला पाहिजे.

शेवटी मी म्हणाले, "कागद द्यायचाच नाही. मी स्वतः जाते. तोंडाने सांगते आणि तिथेच पुन्हा नमुने घेते." मला घेता येतात, नर्स होते तेव्हा किती घेतलेत. सर जा म्हणाले.

मी सिस्टरला फोन केला. शब्द न् शब्द आठवतो. "काचा खराब झाल्यात, पुन्हा घ्याव्या लागतील. बायकांना थांबवून ठेवा, मी येते." यात चुकीचं काही नव्हतं. सिस्टरने ते आशाताईला सांगितलं. गावातल्या बायकांच्या दवाखान्याच्या कामाला ही आशाताईच धावते, पोरगी गुणाची आहे. तिने टँकरवर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, "अगं, परवा तपासलं न्हाई का, ते खराब आलंय, नगरच्या बाई यायच्यात परत बघायला." 'काच' हा शब्द वाटेत कुठेतरी सांडला, 'खराब' तेवढा घरोघरी पोचला.

मी सकाळची एस.टी. धरली. करंजी घाट चढताना स्पिरिटच्या बरण्या मांडीवर घट्ट धरून बसले होते, कंडक्टर म्हणाला, "लोणचं का मावशी?" मी हो म्हटलं. कुणाकुणाला समजावत बसायचं.

उपकेंद्राच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. एवढ्या बायका आणि आवाज नाही. एक वयस्कर बाई, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, उठून माझ्यापाशी आली आणि हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. किती दिस हायती माझ्याकडं?"

"कसले दिवस?"

"खराब आलंय न्हवं माझं."

तेव्हा मला उलगडा झाला. मी तिथल्या तिथे माझ्या थैलीतून एक वाया गेलेली काच काढली आणि सगळ्यांना दाखवली. म्हटलं, "बायांनो, ही काच खराब झाली. ही. तुमच्यातली कुणी नाही. वाळली म्हणून वाया गेली, बस्स." त्यांनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काहींचा विश्वास बसला. काहींना वाटलं, शहरातली बाई धीर देतेय. आशाताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

मी एकेकीला आत घेतलं. या वेळी बरणी हाताशी, झाकण उघडं, पट्टी फिरवली की काच पसरली, काच पसरली की बुडवली. सिस्टर शेजारी उभी राहून बघत होती. "असं व्हय," एवढंच म्हणाली आणि पुढच्या काचा तिनेच बुडवल्या, माझ्यापेक्षा चपळाईने.

यादीतली एक बाई आली नव्हती. मी विचारलं तर आशाताईने मान खाली घातली.

"ती तालुक्याला गेली मॅडम. सकाळीच. दवाखान्यात. नवरा घिऊन गेला."

"कशाला?"

"पिशवी काढायला. खराब आली म्हनून. भाऊबिजंनंतर गाडी यायची, तवर जखम भरंल म्हनला डाक्टर."

मी हातातली बरणी सिस्टरकडे दिली, उरलेल्या बायकांचं तुम्ही घ्या म्हटलं, आणि दुसरी बरणी असलेली माझी थैली उचलून आशाताईला वडापच्या जीपमध्ये कोंबलं. वाटेत तिने सांगितलं, ती अजून तिशीची नाही. दोन लेकरं, धाकटं अजून कडेवर. गेल्या सालापासून कंबर दुखते म्हणून शिबिराला आली होती. जीप जागोजागी थांबत होती, माणसं भरत होती, मी ड्रायव्हरला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दवाखाना म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानांच्या वरचा मजला. ती खाटेवर बसली होती. अंगात हिरवा झगा, बांगड्यांना चिकटपट्टी, वेणी घातलेली. नवरा उशाशी उभा. मला बघून ती उठायला लागली, मी तिला बसवलं आणि तिच्याजवळ खाटेवरच टेकले.

"हे बघ," मी म्हणाले, "तुझं काही खराब आलेलं नाही. काच खराब झाली. वाळवायची नव्हती, वाळवली. तुझ्या पिशवीला काही झालंय असं कुणी म्हटलेलं नाही. ऊठ, घरी चल."

तिने ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, मला अजून दिसतो. तो म्हणाला, "मंग बाई, तेवढं लिहून द्या. पिशवी चांगली हाय म्हनून. डाक्टरला दावतो आन् जातो आमी."

ती म्हणाली, "व्हय. लिहून द्या. मला तरी कुटं हौस हाय फाडून घ्यायची."

किती साधी मागणी! पण पिशवी चांगली आहे हे मला कुठे माहीत होतं? तिची काच मी बघितली होती, त्यात फुगलेल्या, फिकट पेशींशिवाय काही नव्हतं. चांगल्याही असतील, वाईटही असतील. सरांशी मी याच एका गोष्टीवरून भांडले होते, की जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून लिहायचं नाही. आणि आता माझा हात पर्सकडे, पेनाकडे गेला होता. एक ओळ लिहिली की ही बाई घरी जाणार होती. आणि तिच्यात खरंच काही असलं, तर त्या ओळीच्या भरवशावर ती कुठल्यातरी फडात, पाचटाच्या कोपीत, कुणाच्या नजरेला न पडता सडणार होती. मी पेन बाहेर काढलं नाही.

"तसं आज लिहिता येणार नाही," मी म्हणाले. "आता इथे पुन्हा नमुना घेते. उद्या बघते, आणि जे असेल ते फोनवर सांगते. एक दिवस थांबा. एकच."

नवऱ्याचा चेहरा पुन्हा मिटला. "म्हंजी चांगली हाय का न्हाई, तुमाला बी ठाऊक न्हाई."

"नाही. आज नाही."

"डाक्टरला ठाऊक हाय," तो म्हणाला. रागाने नव्हे. त्याचा हिशेब सरळ होता. एक माणूस खराब आहे म्हणतो, दुसरं माणूस माहीत नाही म्हणतं. चांगली आहे असं म्हणणारं कुणी नाही. "फडात दुखनं निघालं तर कोन हाय आमाला? तिथं ना दवाखाना ना कोन."

मी विनवण्या केल्या. मी, जिची जीभ कधी कुणापुढे नमली नाही, मी त्या माणसाला हात जोडले. दादा म्हटलं, तुझ्या बहिणीसारखी आहे म्हटलं. आशाताई रडायला लागली. तेवढ्यात डॉक्टर आले. गोड माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, तुमचा रिपोर्ट येईस्तोवर बाई गाडीत बसून जाईल. सहा महिन्यांनी कॅन्सर घेऊन आली तर जबाबदारी तुमची का? लिहून देता?" पुन्हा तेच, लिहून देता. मग मोठं मन केल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला नमुना घ्यायचाय ना, घ्या. तुमच्या मनाचं समाधान होऊ द्या."

पडद्याआड मी नमुना घेतला. तिने माझं मनगट धरलं होतं, दुखत होतं म्हणून नव्हे. म्हणाली, "बाई, काढल्यावर बाईमानूस ऱ्हातं ना आपन?" मी राहतं म्हटलं. काच बरणीत बुडवली. मग तिला आत नेलं आणि मी जिना उतरून खाली कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दिवाळीची गिऱ्हाइकं माझ्यावरून पाय टाकून ये-जा करत होती. मी काही करू शकत नव्हते. एवढं शिकून, एवढी डोळ्यांची माती करून, काहीच करू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडल्या उघडल्या मी तिची काच रंगवली. अशी काच वर्षातून एखादी मिळते. पेशी सुट्या सुट्या, प्रत्येकीची कड स्वच्छ, आतला ठिपका टाचणीच्या डोक्यासारखा रेखीव. इकडून तिकडे, वरून खाली, पुन्हा पहिल्यापासून बघितली. कुठेही काही नव्हतं. सरांना दाखवली, त्यांनीही मान हलवली. पूर्ण निरोगी. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि सर दार ओढून बाहेर उभे राहिले.

बाकीच्या काचांत त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईची बिघडलेली निघाली. वेळेत सापडली, नगरला उपचार चालू आहेत, बरी होईल. सर म्हणाले, "बाई, 'काही आढळलं नाही' लिहिलं असतं तर ही गेली असती. तुमचं बरोबर होतं." असेल. पण तेवढ्याने मला रात्री झोप लागत नाही.

पिशवी काढलेल्या त्या बाईचा फोन लागायला बरेच दिवस गेले. गाड्या निघून गेल्या होत्या. शेवटी आशाताईने तिच्या नवऱ्याचा दुसरा नंबर मिळवून दिला. तो सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याशा फडात होता. मागे कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज. त्याने तिला बोलावलं.

"बाई, तुमी व्हय? माझं काय आलं वो?"

"चांगलं आलं," मी म्हणाले. "काही दोष नाही."

ती हसली. खरंच, खुशीत हसली. नवऱ्याला ओरडून सांगितलं, अवं, चांगलं आलं. मग मला म्हणाली, "बघा, येळंवर काढली म्हनून चांगलं आलं. न्हाईतर काय झालं असतं."

मी हो म्हणून फोन ठेवणार होते. देवाशपथ. तिचा तेवढा समज तिच्यापाशी राहू द्यावा, माझं काय जात होतं? पण ती पुढे बोलली. "माझ्या जावंची बी कंबर लई दुखती. तिला म्हनलं, पट्टा पडून गावाकडं गेलो की तू बी काढून घे. त्याच डाक्टरकडं."

"नको," मी म्हणाले. "तिला नको सांगूस. ऐक माझं."

"का वो?"

मग मला सांगावं लागलं. काच पिशवी काढायच्या आधीची होती. मी पडद्याआड घेतली तीच. पिशवी चांगली होती. कॅन्सर नव्हता, कधीच नव्हता. तिच्या जावेने काढू नये, आधी माझ्याकडे यावं.

कोयते चालू होते. तिने फोन बाजूला ठेवला असेल म्हणून मी हॅलो हॅलो केलं. तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू, भांडायचं म्हणून नव्हे, नुसतं विचारायचं म्हणून, "मंग बाई, तवा का न्हाई लिहून दिलं?"